न्यूट्रलची केबल

मी प्रत्येक केबल दोनदा तपासतो म्हणून तुमी पोरं हसता ना, तर आज कारण ऐका.

मुरबाडच्या एका कारखान्यात अकरा हजार व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर बसवत होतो. त्याच्या न्यूट्रलपासून, म्हणजे मधल्या टोकापासून, करंट आवरणाऱ्या रेझिस्टरपर्यंत एक केबल लागते. लाइनमध्ये बिघाड झाला की करंट तिच्यातून जमिनीत जातो, एरवी ती रिकामीच. योग्य केबल आली नव्हती, म्हणून मी चारशे चाळीस व्होल्टच्या कामाची उरलेली टाकायला सांगितली.

आमचे वायरमन काशिनाथदादा म्हणाले, "साहेब, ही टिकंल का?"

"दादा, न्यूट्रलवर कुठलं आलंय व्होल्टेज? टाका बिनधास्त."

ट्रान्सफॉर्मर चालू केल्यावर नवव्या दिवशी दादा तिच्याशेजारी क्लॅम्प आवळत होते आणि तेवढ्यात एका मोटरची लाइन अर्थ झाली, म्हणजे जमिनीला चिकटली. क्षणात न्यूट्रलवर सहा हजार व्होल्ट चढले आणि केबल धाडकन फुटली. मी धुरात "दादा! दादा!" ओरडत धावलो. कुंपणापाशी ते पडले होते, उजवा हात कोपरापर्यंत भाजलेला. छातीला कान लावला, तर मला माझेच ठोके ऐकू येत होते.

दादा वाचले. महिन्याने आटगावला त्यांच्या घरी गेलो. वहिनी हात जोडून म्हणाल्या, "साहेब, तुमी उचलून नेलंत म्हणून आमचं माणूस दिसतंय."

ती केबल मीच टाकायला लावली, हे दादांनी घरी सांगितलंच नव्हतं. ते नुसते माझ्याकडं बघत होते. मीही खरं न सांगता वहिनींचा चहा पिऊन निघालो.

आजही दादांचा फोन आला की दोनदा वाजू देतो, मगच उचलतो.