शांततेचा तास

…न्हाई, पण मी म्हणतो, ज्या माणसाला शांतता सोसतच न्हाई, त्याला धरून 'शांततेच्या तासा'ला बसवायचं कामून? तुम्हाला सांगतो, मुनीब सरांना तिकडं न्यायलाच नको होतं! मी आपला गाडीवाला, मूळचा हदगावचा, लातुरात क्लासची बस चालवून राहिलो, मला कोण विचारतंय… पण नको होतं!

मुनीब सर म्हणजे आमच्या क्लासचे बॉटनीचे सर. आता लातुरात क्लास काय थोडे हायत? एका बिल्डिंगीत तीन, जिन्यात एक! पण मुनीब सरांइतका मोठ्यानं शिकवणारा माणूस कुठं न्हाई. पोरं लाउडस्पीकर म्हणायची. वर्गात बोलणं, बशीत बोलणं, जेवताना बोलणं, घरी रेडिओ, रेडिओ बंद पडला तर नळ सोडून ठेवायचे! पण लोडशेडिंग झालं, पंखा थांबला, जरा शांत झालं, की हा माणूस असा पांढराफटक. खडू हातात तसाच.

का? तर आवाज यायचा त्यांना.

मला कसं ठाऊक? एकदा रेणापूरच्या पुढं टायर पंचर झालं, मी खाली जॅक लावून राहिलो, इंजिन बंद, रस्त्यावर चिटपाखरू न्हाई, तवा सांगितलं त्यांनी. त्र्याण्णवचा भूकंप. लोक गणपती बुडवून निजलेले अन् पहाटे जमीन हलली, ते तुम्हाला मी काय सांगायचं! सर तवा वीस वर्षांचे, कॉलेजच्या पोरांबरोबर ट्रकात बसून दगड उपसायला गेले. पाऊस, चिखल, तो वास… तिसऱ्या दिवशी एका ढिगाऱ्याला कान लावला तर आतून आवाज, "मी हितं हाय." बारीक. बाई का लेकरू, कळंना. सरांनी चार दगड काढले न काढले तोच जमीन परत हलली, शिट्टी वाजली, जवानांनी दंडाला धरून समद्यांना मागं ओढलं. अर्ध्या तासानं सोडलं. पण पाऊस असा, की आता ढिगारा कोणता? अवो, समदे ढिगारे सारखेच! इथं कान लाव, तिथं कान लाव… न्हाई सापडला.

तवापासून जरा शांत झालं की, "मी हितं हाय." बारा वर्षं!

डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर म्हणले, "हे बघा, तो आवाज खरा नाहीये. आला तरी ऐकायचं नाही!" झालं. सरांनी तेच धरून ठेवलं. ऐकायचं न्हाई, ऐकायचं न्हाई… अन् बोलत राहायचं.

तर असा माणूस. अन् आमचे मालक बसलिंगप्पा सर, क्लासचे संस्थापक, त्यांच्या डोक्यात मे महिन्यात शिरलं शिबिर. "मुनीब सर, आजकाल पालकांला ऑलराउंड पायजे, ऑलराउंड! समोरच्यांनी योगा ठेवलाय, आपण झाडं ठेवू! निसर्ग शिबिर! तुम्ही बॉटनीचे, तुम्हीच जा!" कुठं? तर औश्याच्या पुढं, भूकंपात पडलेल्या एका गावाच्या शिवारात. गाव नव्या जागी गेलं, जुन्या जागेवर लिंबं अन् बाभळी माजल्या, पाखरं आली, अन् तिथंच कुणीतरी निसर्ग शिक्षण केंद्र काढलं. सुट्टीत पोरांची शिबिरं, शेवटच्या दिवशी गावकऱ्यांचा बियाणं मेळावा. चांगलं हाय हो! वाईट कोण म्हणतंय? पण सरांनी दगड उपसले होते ते गाव हेच! सरांनी फाटकातून आत पाय टाकला अन् बोलायचं थांबले. मी आरशातून बघितलं. म्हणलं, गेलं काम!

केंद्राच्या मंजुश्री मॅडम, पुण्याला शिकून आलेल्या, जीव लावणारी बाई, पण बोलणं असं, की लिंबाच्या झाडानंसुद्धा सावरून उभं राहावं. "मित्रांनो, झाडाला मिठी मारा! काय वाटतंय?" आमची पोरं बारावीत जाणारी, पुढच्या साली सीईटीला बसणारी. मिठी मारून विचारतात, "मॅडम, याच्यावर किती मार्काला येतं?" त्यात ती मनतशा, उदगीरची. वर्गात मुनीब सरांचं बोलणं थांबवायची हिंमत एकट्या त्या पोरीची. दर दोन मिनिटाला हात वर. "सर, कसं काय? सर, कामून?" सर कावायचे, पण तिच्याशिवाय त्यांचा तास सुरू होत नव्हता.

दोन दिवस बरे गेले. सर तोंडानं पाखरांची नावं घोकत फिरले. तिसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी टाळी वाजवली. "मित्रांनो, आज शांततेचा तास! जुन्या गावठाणात एकेकट्यानं बसायचं, डोळ्यांवर रुमाल, जमिनीला कान. जे ऐकू येईल ते न बघताच कागदावर लिहायचं. बोलायचं नाही, उठायचं नाही, हलायचं नाही. सर, तुम्हीसुद्धा!"

सर म्हणले, "मला नको, मॅडम."

"सर, मुलं तुमच्याकडे बघून शिकतात!"

बसले बिचारे. चाळीस पोरं चाळीस झाडांखाली, मधी पडक्या भिंती, दगडावर सरडे. मी गाडीपाशी. तुम्हाला सांगतो, एवढी शांतता मी मसणातबी बघितली न्हाई! झाडावरचा होला घुमायचा थांबला तरी कळत होतं.

अन् सरांना आवाज आला.

येणारच की! जागा तीच, कान जमिनीला! पुढचं त्यांनीच मला नंतर सांगितलं. लांबून, जमिनीच्या पोटातून, "मी इथं आहे…" सरांनी दात आवळले. ऐकायचं न्हाई. परत आला. सरांनी दोन्ही कानांत बोटं घातली. ऐकायचं न्हाई! रुमाल ओढून काढला, उठले, आवाजापासून लांब जावं म्हणून वीस पावलं चालले, तर तो पायाखालून आणखी मोठा झाला. डॉक्टरचं वाक्य जपमाळेसारखं चाललंय, खरा नाहीये, खरा नाहीये… किती वेळ? पाच मिनिटं, धा मिनिटं, त्यांनाबी ठाऊक न्हाई. अन् मग बोटांच्या फटीतून आलं,

"सर… मी इथं आहे!"

सर?

सरांनी कानांतली बोटं काढली. बारा वर्षं तो आवाज येत होता, पण 'सर' कधी म्हणला नव्हता. अवो, त्र्याण्णव साली त्या वीस वर्षांच्या पोराला सर कोण म्हणणार होतं?

अन् तुम्हाला सांगतो, जो माणूस ओरडला… "मनतशाऽऽऽ!" माझ्या हातातला चहा सांडला. मॅडम लांबून, "सर, मौन! सर, मौन!" मौन कसलं! माणूस भिंतीवरून उड्या मारत पळून राहिला, गुडघ्यावर पडून जमिनीला कान लावून राहिला, "बोल! परत बोल!" अन् पोरं? पोरं तशीच रुमाल बांधून बसलेली! सूचना होती न, हलायचं न्हाई!

सापडलं. पडक्या घराच्या अंगणात फरशी खचलेली, खाली काळं भोक. सावलीला सरकायला गेली पोरगी, डोळ्यांवर रुमाल, अन् फरशीसकट आत! सर भोकात पाय सोडणार तेवढ्यात मागून कुणीतरी त्यांची कॉलर धरली. नीलाबाई. केंद्रातली सैपाकीण, याच गावची, भूकंपातून वाचलेली. हातात पळी तशीच.

"उतरू नका! पेव हाय ते! जुंधळा ठेवायचं. आत हवा कोंडलेली असती, पोरीसंगट तुम्हीबी जासाल! आधी दिवा सोडा!"

मॅडम धावत आल्या. "आमच्याकडे सौर कंदील आहे!"

"विझतो का त्यो?"

"नाही नाही, चांगला सहा तास—"

"मग काय करू त्याला? विझणारा पायजे, बाई, विझणारा!"

मी गाडीतला बोळा रॉकेलमध्ये बुडवला, तारेला बांधला, पेटवून खाली सोडला. समदे त्या जाळाकडं बघून राहिले. बारीक झाला… निळा झाला… सर तोंडातल्या तोंडात काय पुटपुटत होते, अल्लाला माहीत… अन् परत तगला. नीलाबाई म्हणली, "फरशी फुटल्यानं ताजी हवा गेली वाटतं आत. जावा आता. पण बिगीनं!"

घरटी टांगायची शिडी होती, ती लावली. सर उतरले. खाली मनतशा, पाय मुरगळलेला, कोपर सोललेलं, हातात पेन्सिल तशीच. सरांना बघून आधी रडली न्हाई पोरगी. विचारलं. सवयच तिची!

"इतनी देर कायकू लगाए, सर? मैं कबसे चिल्ला रई. तुम ऊपर से चलके गये, मेरेकू पाँव का आवाज आया…"

लातूरचा लाउडस्पीकर! नुसतं तिचं कोपर रुमालानं बांधलं. पोरीला खांद्यावर घेतलं अन् वर आले.

पुढचं ऐका. दवाखाना झाला, फ्रॅक्चर न्हाई, घरी फोन गेले, अन् संध्याकाळी मॅडमनी पोरांचे कागद गोळा केले. होला, वारा, सरडा, लांबची जीप… अन् पाच कागदांवर, पाच! लिहिलेलं, 'जमिनीखालून मुलीचा आवाज.' एकानं तर खाली रेघ मारली होती. "अरे, मग उठला कामून न्हाई?" मी विचारलं, तर म्हणतो, "लिहायला सांगितलं होतं." मॅडम कागद तसेच मांडीवर ठेवून रडल्या. अन् सर? त्यांनी तर लिहिलंबी नव्हतं.

मग ते सैपाकघराच्या पायरीवर जाऊन बसले अन् नीलाबाईला समदं सांगितलं. तो पाऊस, तो ढिगारा, ती शिट्टी. नीलाबाई भाकरी थापून राहिली होती. "कोणत्या आळीला?" ठाऊक न्हाई. "बाई का लेकरू?" ठाऊक न्हाई. सरांच्या डोळ्यांत अशी आशा, की ही म्हणंल, मीच हो ती! मलाबी तसंच वाटलं, खोटं कामून बोलू!

नीलाबाई म्हणली, "मी नऊ तास दबलेले होते. पण 'हितं हाय' म्हणत नव्हते मी. नवऱ्याला शिव्या देऊन राहिले होते, दगडाचं घर बांधलं म्हणून. त्यो बाजूलाच होता. थोडा वेळ 'हूं हूं' करत होता, मग करंना." भाकरी उलटली. "तवा ती मी न्हाई. अवो सर, चार दिवस समदं गावच हाका मारत होतं. तुमच्या वाट्याला एक आली. बाकीच्या आम्ही घेतल्यात वाटून."

तिनं सरांपुढं ताट सरकवलं. जेवले.

आवाज गेला का म्हणता? न्हाई गेला. लोडशेडिंग झालं की येतो. पण आता सर खडू खाली ठेवतात, वर्गाला म्हणतात, "जरा थांबा," अन् ऐकून घेतात. डॉक्टर काय बी म्हणू दे. मग मनतशाचा हात वर होतो अन् तास पुढं चालतो.

अन् बसलिंगप्पा सर? तुम्हाला वाटलं घाबरले असतील? पंधरा दिवसांत पॅम्प्लेट! मातीनं भरलेल्या मुनीब सरांचा फोटो, मोठ्या अक्षरात, 'तुमचं लेकरू कितीही खोल गेलं, तरी आम्हाला ऐकू येतं!' ॲडमिशनला रांग लागली हो, रांग!

सरांनी उभ्याउभ्या वाचलं. चिडले न्हाईत. मला म्हणले, "ग्यानोबा, आणखी छापून आणायला छापखान्यात चाललास न? त्यांना सांग, शेवटी एक शब्द राहिला. 'उशिरा.' तेवढा टाका म्हणावं."

गेलो की मी. सांगितलं.

छापणारा म्हणला, जागा न्हाई.