एकाच फटक्यात दोन पदव्या

…आणि वर मलाच विचारतात, "पण तू तो दगड तोंडात घातलासच कशाला?" घातलास कशाला म्हणजे? अहो, इतकी वर्षं दुसरं शिकवलंय काय मला! तुम्हाला सांगते, माझ्या पोटात जेवढे दगड गेलेत ना, तेवढे एखाद्या घराच्या पायात गेले नसतील!

हे सगळं मावशीमुळे. बारावीचा निकाल लागला आणि मावशी कॉलेजचं माहितीपत्रक नाचवत घरात शिरली. "अगं, इकडे बघ! भूशास्त्राची पदवी आणि शिक्षिकेची पदवी, दोन्ही एकत्र! लोक आधी एक करतात, मग दुसरी करतात, तोवर केस पिकतात. तुला एकाच फटक्यात दोन पदव्या!" मावशीचं काय जातंय हो? ती पोस्टात चिकटली ती रिटायर होईपर्यंत तिथेच, तेही एकाच पदवीवर. पण आई खूश, मी खूश. बाबांनी तेवढा चष्मा लावून मागचं पान वाचायला घेतलं, तर मावशीने पत्रकच ओढून घेतलं. म्हणाली, "भाऊजी, तुम्ही प्रत्येक गोष्टीत खोट काढता!" मागच्या पानावर अटी होत्या.

अटी! अहो, लग्नातसुद्धा एवढ्या अटी नसतात, आणि असल्या तरी एकाच सासरच्या असतात. माझी सासरं दोन! भूशास्त्र विभाग तळमजल्यावर, शिक्षण विभाग तिसऱ्या मजल्यावर, आणि मधल्या जिन्यात सात जन्मांचं वैर. खाली आमचे हातोडीसर. कमरेला कायम हातोडी, सभेला जावोत नाहीतर बारशाला. वर टाचणबाई. टाचण म्हणजे काय, तर धडा शिकवायच्या आधी सगळं कागदावर लिहून सही घ्यायची. मी काय बोलणार, फळ्यावर काय काढणार, मुलांना काय विचारणार… आणि मुलं काय उत्तर देणार! हो, मुलांची उत्तरंसुद्धा मीच आधी लिहायची! मी एकदा भीत भीत म्हटलं, "बाई, मुलांनी दुसरंच काही उत्तर दिलं तर?" बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "टाचण नीट असेल तर देत नाहीत."

आता खाली सर म्हणणार, उद्या पहाटे डोंगरावर. वर बाई म्हणणार, उद्या सकाळी सराव पाठ, सातवीचा वर्ग. खाली इस्त्रीचे कपडे दिसले की सर म्हणणार, "काय, मुलगा बघायला चाललात?" वर चिखलाचे बूट दिसले की बाई म्हणणार, "ही शाळा आहे, शेत नाही!" मग मी जिन्यातच बूट काढून चपला घालायचे. माझं अर्धं शिक्षण त्या जिन्यात झालंय. आणि धापा टाकत वर पोचले की मावशीचा फोन, "काय गं, कसं चाललंय? मज्जा आहे बाई, एकाच फटक्यात दोन पदव्या!"

तर दगड तोंडात का, ते ऐका. सरांचं पहिलंच वाक्य असतं, "डोळे फसवतात. दात फसवत नाहीत." चिखलाचा थर दबून दबून त्याचा दगड झाला, की तो दिसायला सगळा सारखाच, करडा. मग त्याचा कण पुढच्या दातांत घेऊन चावायचा. करकरला तर त्यात बारीक रेती आहे. लोण्यासारखा गुळगुळीत लागला तर चिकणमाती. झालं! जगभर हीच पद्धत आहे म्हणे. सवय इतकी लागते ना, की घरी आई तांदूळ निवडायला बसली तर माझा हात खड्यांकडे जातो.

आणि शेवटची अट काय? शेवटचा पाठ दोघांसमोर! दोघांनी पास म्हटलं तर दोन्ही पदव्या. एकाने जरी मान हलवली तर दोन्ही लटकल्या. एक बुडाली की दुसरी तिच्या गळ्यात गळा घालून बुडणार! त्यात पाठ ज्या शाळेत, तिथेच भूगोल शिकवायची जागा रिकामी. मुख्याध्यापिका म्हणाल्या होत्या, "पदव्या घेऊन या, जागा तुमचीच." आईने तर साऱ्या नातेवाइकांना फोनवर सांगूनसुद्धा टाकलेलं, "नोकरी लागल्यातच जमा आहे."

मी रात्रीचा दिवस करून टाचण लिहिलं. बाईंची सही घेतली. सकाळी घाईघाईत माझ्या दगडांच्या ट्रंकेतून एक उचलला, करडा. ट्रंकेत सगळेच करडे! तो फोडून बाकाबाकावर तुकडे वाटले. मागे खुर्च्यांवर सर आणि बाई, मध्ये एक खुर्ची रिकामी सोडून, कारण शेजारी कोण बसणार? मी सुरुवात झकास केली. "मुलांनो, हा दगड कशाचा झालाय, कसं ओळखाल?" एवढं म्हटलं आणि माझा हात… अहो, आपोआप तोंडात गेला हो! आणि माझं बघून अख्ख्या वर्गाचे हात तोंडात! बाई ताडकन उभ्या राहिल्या. आणि माझ्या दातांखाली काय वाजलं? कर्र!

चुकीचा दगड! टाचणात काय लिहिलेलं? "शिक्षिका: हाताला कसा लागतो? विद्यार्थी: लोण्यासारखा, बाई. निष्कर्ष: चिकणमाती." खाली सही! आता दातांचं ऐकू की टाचणाचं? मी आपलं हसून म्हटलं, "बघा, लोण्यासारखा लागतोय ना?"

"होऽ बाई!" पोरं काय, कशालाही हो म्हणतात. पण पहिल्या बाकावर एक चष्मेवाली, गालात तुकडा तसाच, म्हणते, "नाही बाई. माझा करकरतोय."

"नीट चाव."

"नीटच चावतेय, बाई."

मागून आणखी दोघं, "माझापण! माझापण!" आणि मी काय म्हणाले असेन? "गप्प बसा. मऊ आहे म्हणजे मऊ आहे!" खरं सांगते, त्या पोरीकडे बघवेना मला. इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

तेवढ्यात सर उठले. तुकडा उचलला, चावला. "करकरतोय." बाई ओरडल्या, "आधी थुंका रे सगळ्यांनी!" तर सर त्यांच्यापुढे तुकडा धरून म्हणतात, "बाई, तुम्हीही चावून बघा. चव घेतल्याशिवाय गुण कसे देणार?" माझ्यादेखत सर बाईंशी बोलले, ते हे पहिलं वाक्य! मला वाटलं, आता इथेच भूकंप. बाईंनी रुमाल काढला, तुकडा पुसपुस पुसला, वर्गाकडे पाठ केली… कर्र! "अगं बाई! करकरतोय की हो!" मग हळूच, "आणि मऊ असता तर कसा लागला असता?" सरांनी खिशातून दुसरा काढला. बाईंनी चावला आणि म्हणाल्या, "अय्या!" टाचणबाई! अय्या!

आणि मी? मी फळ्याला टेकून उभी, हातात खडू!

मग शिक्षकांच्या खोलीत निकाल. सर म्हणाले, "दगड खोटं बोलला नाही. तुम्ही बोललात." बाई म्हणाल्या, "मुलीने बरोबर उत्तर दिलं आणि तू तिला गप्प केलंस. टाचणात नव्हतं म्हणून काय झालं?" टाचणात नव्हतं म्हणून काय झालं! हे कोण बोलतंय, बघा! आणि दोघं एका सुरात, "पुन्हा पाठ. सहा महिन्यांनी."

मुख्याध्यापिका भल्या. म्हणाल्या, "थांबते सहा महिने. ती चष्मेवाली रोज विचारते, दगडवाल्या बाई कधी येणार म्हणून." मी आपलं घरी येऊन उशीत तोंड खुपसलं, तर मावशी डोक्यावरून हात फिरवत म्हणते, "रडू नकोस गं. बरंच झालं! एकाच फटक्यात दोन्हीकडे नापास, वेगवेगळं रडायला नको."

आता तुमच्यापासून काय लपवायचं? इतकी वर्षं मी तगले ती त्या दोघांच्या भांडणावर. झोप काढायची असली की खाली सांगायचं, "वर पाठ आहे." वर सांगायचं, "खाली डोंगर आहे." ते दोघं एकमेकांशी बोलतच नव्हते, तर विचारणार कोण? परवा तसंच केलं. सरांना दारातूनच म्हटलं, "सर, आज येत नाही, वर बाईंनी बोलावलंय." सर म्हणाले, "असं? थांबा, विचारतो," आणि कपाटाआडच्या खुर्चीकडे वळले. बाई तिथेच बसल्या होत्या. दगड चावत!

दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ, म्हणतात ना? पण दोघांचं जमलं तर तिसऱ्याने कुठे जायचं, ते सांगितलंय का हो कुणी?… चला, निघते. दोघं वाट बघतायत. एकत्र.