पेढे वाटले म्हणून

हॅलो? …हां, बोल शिवा. …व्हय, परवा बारावा दिवस, बारसं हाय, ध्यानात हाय माझ्या. आत्या मीच, नाव कानात मीच सांगणार… ऋषिराज? पत्रिका पण व्हॉट्सॲपवर फिरली? …थांब जरा. मुलगा का मुलगी ते रक्त तपासून सांगू म्हणाले हुते ना डॉक्टर, तो रिपोर्ट आला का?

…रक्त दिलंच न्हाई? का? …आप्पांनी आख्ख्या भावकीत पेढे वाटले म्हणून? आता मुलगी निघाली तर तोंड दाखवायला जागा उरणार न्हाई? अरं, लोकांनी पेढे खाल्ले, विसरले पण असतील. तुमी लेकराचा जीव त्या पेढ्यांच्या खोक्यात अडकवून बसलाय.

…ऐक ना. …न्हाई, तू ऐक. माधवनगरच्या शाळेत अठरा वर्षं विज्ञान शिकवते मी. पोटातल्या गर्भाला पहिले सहा-सात आठवडे मुलगा-मुलगी असं काय दिसत न्हाई. तयारी दोन्हीची. एकाच गाठीतनं पुढं अंडाशय हुतं, न्हाईतर वृषण. बाहेरचं सुद्धा आधी सारखंच… व्हय, तुझं बी तसंच हुतं. मिशी पिळत जन्माला न्हाई आलास.

…गरोदरपणी ग्रहणात राणीनं विळी हातात घेतली म्हणून लेकरू असं झालं? कोण म्हणतंय, आई? तिला सांग, परत राणीला एक शब्द बोललीस तर मी त्या घराची पायरी चढणार न्हाई. …अरं, लेकराच्या सोनोग्राफीत गर्भाशय दिसलं ना? डॉक्टर काय म्हणाले? मूत्रपिंडावरची ग्रंथी बिघडली असंल, तर मुलगी पण बाहेरनं मुलासारखी दिसती. अंगातलं मीठ पण तीच ग्रंथी राखती, ते घटलं तर लेकराच्या जीवावर बेततं. त्यासाठी रक्त मागितलंय रं.

…काय म्हणालास? …कवापासनं? …कालपासनं उलट्या? आणि दूध? …ओढत पण न्हाई? …आणि तू मला पत्रिका वाचून दाखवतोयस?

…शिवा. रडू नको. लय राग आलाय मला तुझा, पण आत्ता रडू नको. गाडी काढ. फाईल घे, राणीला आणि लेकराला घे, थेट मोठ्या दवाखान्यात जा. दारातच उलट्यांचं सांग, फाईल दाखव. मी निघालेच सांगलीतनं.

…आप्पा काय म्हणतायत? मंडपवाला आलाय? …फोन दे त्यांच्याकडं.

…आप्पा, क्रांती बोलते. आवं, नाव कानात आत्याच सांगती ना? मग तो कान तरी राहू द्या. …व्हय. …मुलगी असली तरी पेढेच वाटू, मी आणते. …व्हय, तुमी पण बसा गाडीत. ठेवते.