अंगदचं शेवटचं वाक्य

(अंबडमधल्या एका कॉलेजचं आवार. दुपार. सायकल स्टँडच्या कट्ट्यावर आदिनाथ आणि राजूरच्या माहेराहून आलेली त्याची वहिनी, वारलेल्या थोरल्या भावाची, अंगदची, बायको अर्पिता.)

अर्पिता : चहा नको मला, भाऊजी. तुम्ही आधी खाली बसा. उभ्यानं बोलायला लागले की तुम्ही भाषणच करता.

आदिनाथ : पण राजूरहून एवढ्या लांब, एकट्या आल्या. फोन केला असता तर मीच आलो असतो, वहिनी.

अर्पिता : फोनवर माणूस काय पण म्हणतं. मला तुमचं तोंड बघून विचारायचं हाय. हा व्हिडिओ तुमचाच ना?

आदिनाथ : ...हो. पण तो मी न्हाई टाकला. कॉलेजनं टाकला. आम्हाला पहिल्या वर्षाला वक्तृत्वाचा एक विषय असतो. परीक्षेला स्वतःच्या अनुभवावर बोलायचं असतं...

अर्पिता : आमच्या मेडिकलवर एक गिऱ्हाईक आल्तं. गोळ्या घेता घेता मलाच दाखवायला लागलं. म्हणे, बाई, ऐका, पोरगं काय बोलतंय, डोळ्यात पाणी येतं. त्याला काय माहीत, ज्याच्यावर भाषण चाललं त्याची बायकोच काउंटरला उभी हाय म्हणून.

आदिनाथ : तुम्ही पूर्ण ऐकलं?

अर्पिता : ऐकलं. उसाच्या ट्रॉल्या घेऊन दोघं भाऊ अंकुशनगरच्या कारखान्याला निघाले, पाटाच्या वळणाला आकांक्षाचे पप्पा टायर बघायला खाली उतरले, ट्रॉली अंगावर कलंडली. तुम्ही त्यांचं डोकं मांडीवर घेऊन जीपमधी बसले. इथपर्यंत सगळं बराबर हाय. मंग तुम्ही थांबले. खाली बघितलं. अन् मंग म्हणले, ‘आदी, अर्पिता आणि माझं लेकरू तुझ्या हवाली करून चाललो.’

आदिनाथ : वहिनी...

अर्पिता : तिथं का थांबले हो तुम्ही?

आदिनाथ : कुठं?

अर्पिता : माझं नाव घ्यायच्या आधी. केवढा वेळ थांबले. मला वाटलं, रडू आवरून राह्यले.

आदिनाथ : तिथं... तिथं थांबावं लागतं. सर म्हणतात, शेवटच्या वाक्याच्या आधी श्रोत्यांना शांततेची तयारी करू द्यायची.

अर्पिता : हे असं नका बोलू माझ्यासंगं. ‘श्रोत्यांना’ अन् ‘शांततेची’. घरी बोलता तसं बोला.

आदिनाथ : थांबायला शिकवलंय. म्हणून थांबलो.

अर्पिता : बरं. आता मी विचारते त्याचं हो किंवा न्हाई सांगा. त्या दिवशी दवाखान्याच्या दारात मी तुमची बाही धरून विचारलं होतं, काय बोलले का हो ते? तुम्ही म्हणले, न्हाई वहिनी, दादा काहीच बोलला न्हाई. मंग आता वर्षभरानं हे वाक्य कुठून आलं?

आदिनाथ : तुम्हाला हे विचारायलाच पाठवलं का कुणी?

अर्पिता : मला कोण पाठवणार? उलट माझ्या आईबापाला वाटतं, मी साडी घ्यायला जालन्याला गेले.

आदिनाथ : साडी?

अर्पिता : तुम्हाला म्हाईत न्हाई म्हणू नका. मागच्या आठवड्यात मामा आल्ते आमच्याकडं, तुमच्या गावच्या रखमाजी काकांना घेऊन. मामा म्हणजे तुमचेच वडील, भाऊजी. ते घरून निघताना तुम्हाला काय दिसलंच न्हाई?

आदिनाथ : दिसलं.

अर्पिता : मामांनी माझ्या बापापुढं मोबाईल ठेवला. व्हिडिओ लावला. म्हणले, बघा, पोराची शेवटची इच्छा हाय. अर्पिताला परत घरी न्यायची, अन् आदिनाथसंगं चार माणसांत लगीन लावून टाकायचं. घरची सून घरात, नात घरात. माझा बाप ढसढसा रडला अन् हो म्हणला. मला कुणी विचारलंसुद्धा न्हाई. विचारायचं कशाला? नवराच सांगून गेला ना.

आदिनाथ : तुम्ही न्हाई म्हणायचं होतं.

अर्पिता : तुम्ही म्हणले का? घरी तुम्हाला विचारलं असंल ना आत्याबाईंनी?

आदिनाथ : आईनं विचारलं. मी गप बसलो.

अर्पिता : का? मनात होतं तुमच्या?

आदिनाथ : न्हाई! बिलकुल न्हाई. तुमच्या लग्नात मी शाळेच्या चड्डीत नाचलो होतो. तुम्ही मला... तुम्ही माझ्या वहिनी हायेत.

अर्पिता : मंग गप का बसले?

आदिनाथ : न्हाई कसा म्हणू? न्हाई म्हणलो असतो तर दादाचा शब्द मोडला असं झालं असतं.

अर्पिता : म्हणजे शब्द टाकला होता त्यांनी. म्हणजे खरंच म्हणले ते. भाऊजी, इकडं बघा. मी भांडायला न्हाई आले. माझं राजूरला बरं चाललंय. दुकानात बसते, आकांक्षा अंगणवाडीत जाते, परत आली की माझ्याच काउंटरखाली झोपते. मला कुणासंगं लगीन करायचं न्हाई. पण त्यांनी जर खरंच जाता जाता माझं नाव घेतलं असंल, मला तुमच्या हवाली केलं असंल, तर मी येते. मनाला पटलं न्हाई तरी येते. त्यांचं एवढं एक तर ऐकीन. म्हणून तुमच्या तोंडून ऐकायला आले. म्हणले का ते?

आदिनाथ : न्हाई.

अर्पिता : नीट बोला.

आदिनाथ : न्हाई म्हणला दादा तसं. मी घातलं ते.

अर्पिता : तुम्ही घातलं.

आदिनाथ : पहिल्यांदा मी खरं तेच बोललो होतो वर्गात. जसं झालं तसं, शेवटपर्यंत. मिसाळ सर म्हणले, सगळं चांगलं हाय, पण शेवट पडला. ऐकणाऱ्याला घरी न्यायला काहीतरी द्यावं लागतं. मागच्या बाकावर दोघं हसले पण होते. ते वाईट न्हाईत, त्यांना हसू आलं. मंग मी शेवट बदलला. दुसऱ्यांदा बोललो तर अख्खा वर्ग गप. सरांनी चष्मा काढून डोळे पुसले. त्यांना वाटलं, पहिल्यांदा मी लाजून सांगितलं नसंल.

अर्पिता : अन् माझंच नाव का घातलं? दुसरं काय सुचलं न्हाई? शीक म्हणला, आईबापाला सांभाळ म्हणला, काय पण घालता आलं असतं.

आदिनाथ : कारण त्यानं तुमचं नाव घेतलं न्हाई, वहिनी. आकांक्षाचं न्हाई, आईचं न्हाई, देवाचं पण न्हाई. मी वाट बघत होतो. जीप वडीगोद्रीच्या पुढं आली तरी मी वाट बघत होतो, आता घेईल, आता घेईल. मला ते सहनच झालं न्हाई. तुम्ही दारात विचारलं तवा म्हणून म्हणलो, काहीच बोलला न्हाई. अन् भाषणात... एकदा म्हणलो की मलाच खरं वाटायला लागलं. आता ते आठवायला गेलो की तोच आवाज येतो, माझा. मधी थांबतो, अन् मंग वाक्य. दादाचा आवाज कसा होता, तोच जाऊन राह्यला.

अर्पिता : डोळे पुसा. पोरं बघून राह्यलीत.

आदिनाथ : बघू द्या.

अर्पिता : म्हणजे काहीतरी बोलले ते.

आदिनाथ : त्यात काय न्हाई, वहिनी. ऐकण्यासारखं काय न्हाई.

अर्पिता : ते मी ठरवीन. वर्गातल्या पोरांना सांगितलं, ते हसले. बायकोला सांगायला काय झालं?

आदिनाथ : तो म्हणला... ‘ट्रॅक्टर चालूच हाय का रे? बंद कर जा. डिझेल जळून राह्यलं.’ एवढंच. दोनदा म्हणला. मंग काय न्हाई.

अर्पिता : ...

आदिनाथ : वहिनी? वहिनी, तुम्ही हसून राह्यल्या का रडून?

अर्पिता : मला बी कळंना. घरात पंखा चालू राहिला तर बाजेवरून ओरडायचे. पाव्हण्यांसमोर ओरडायचे. मी किती भांडले त्याच्यावरून! रुमाल द्या तुमचा. ...असंच बोलले ना? ‘जळून राह्यलं’ असंच?

आदिनाथ : असंच.

अर्पिता : हे मला त्याच दिवशी सांगायचं होतं, भाऊजी. वर्षभर मी समजून राह्यले की ते मुकेच गेले. दुखण्यानं वाचाच गेली असंल, किती दुखलं असंल, हेच डोक्यात. तुमच्या वाक्याची गरज नव्हती मला.

आदिनाथ : चुकलो मी.

अर्पिता : चुकले तर आता घरी सांगा.

आदिनाथ : सांगतो. संध्याकाळी गेलो की सांगतो.

अर्पिता : संध्याकाळी न्हाई. फोन लावा आत्याबाईंना, स्पीकरवर. माझ्यासमोर.

आदिनाथ : फोनवर? आईला? वहिनी, तुम्हाला म्हाईत न्हाई, ती त्या व्हिडिओवर जगून राह्यली. रविवारी संभाजीनगरला वक्तृत्व स्पर्धेची पुढची फेरी हाय, तिथं यायचं म्हणून तिनं लुगडं धुऊन ठेवलंय. मी भरल्या हॉलमधी बोललो, पण हे... हे मला बोलता येणार न्हाई.

अर्पिता : मला पण बापापुढं बोलता आलं न्हाई. लावा.

आदिनाथ : ...हॅलो. आई?

दुर्गाबाई : आदी? आत्ता कसा काय फोन? जेवला का?

आदिनाथ : जेवलो. आई, तू कुठं हाय?

दुर्गाबाई : कुठं असणार, वसरीत हाय. पप्पू आलाय शेजारचा. तुझा तो व्हिडिओ लावून दे म्हणलं त्याला. रोज एकदा ऐकल्याबिगर घास उतरत न्हाई बघ.

आदिनाथ : पप्पूला म्हण, बंद कर तो.

दुर्गाबाई : का रं? काय झालं?

आदिनाथ : आई, त्यातलं शेवटचं दादाचं बोलणं हाय ना... ते दादा बोलला न्हाई. मी मनानं जोडलं ते.

दुर्गाबाई : काय म्हणतूस?

आदिनाथ : दादानं वहिनीला माझ्या हवाली केलं न्हाई. तसं काहीच म्हणला न्हाई. भाषणाला शेवट पायजे होता म्हणून मी जोडलं. वहिनीला आपल्याकडं आणायचं, लगीन लावायचं, ते थांबव. दादाची तशी काय इच्छा नव्हती. माझी पण न्हाई. आई?

दुर्गाबाई : तुझ्या तोंडाला काय किडे पडले व्हते रं? मेलेल्या भावाच्या तोंडात घातलंस? मी गावभर सांगितलं. त्याच्या फोटूला हात जोडून म्हणले, तुझ्या मनासारखं करते बाबा, निचिंत ऱ्हा. आता त्या फोटूकडं बघू कशी मी? अन् तिच्या बापाला काय सांगू? तुझा बाप तर सुपारी घेऊन बसलाय.

अर्पिता : आत्याबाई, मी अर्पिता. मी इथंच हाय, भाऊजींजवळ.

दुर्गाबाई : तू? तू कवा आलीस?

अर्पिता : मीच विचारायला आले. त्यांच्यावर नका चिडू आता. मला यायचं न्हाई, आत्याबाई. आकांक्षाला सुटीत घेऊन येत जाईन, तुमच्याजवळ ठेवीन. पण मला परत आणू नका.

दुर्गाबाई : पहिलंच म्हणायचं व्हतं गं मला.

अर्पिता : कसं म्हणू? तुम्ही त्यांचा शब्द पुढं केला. त्याच्यापुढं मी काय बोलणार?

दुर्गाबाई : ...खरं हाय. मी बी त्या शब्दालाच धरून व्हते. तू घरात आलीस म्हंजी तो निम्मा तरी आला, असं वाटायचं. जाऊ दे. तुझ्या सासऱ्याला मी सांगते. चिडंल दोन दिस. त्याला मी बघून घेईन.

अर्पिता : आत्याबाई, जेवा तुम्ही.

दुर्गाबाई : आदी हाय का तिथं?

आदिनाथ : हाय, आई.

दुर्गाबाई : मंग त्यो गपच गेला का रं?

आदिनाथ : न्हाई. ट्रॅक्टर चालू राहिल्ता ना वळणावर. तो म्हणला, बंद कर जा, डिझेल जळून राह्यलं.

दुर्गाबाई : ...असं म्हणला?

आदिनाथ : दोनदा म्हणला.

दुर्गाबाई : अन् तू काय म्हणलास त्याला?

आदिनाथ : मी म्हणलो, केला दादा, बंद केला. आम्ही जीपमधी कवाच पुढं आलो होतो, ट्रॅक्टर तिकडं तसाच चालू होता. तरी म्हणलो, केला.

दुर्गाबाई : ...बरं केलंस.