मधलं येतंय

न्हाई न्हाई, अण्णासाहेब, ती शाल आधी माझ्या अंगावरनं काढा... उकडतंय म्हणून न्हाई हो, लाज वाटतीय म्हणून! आन् मागं तो बोर्ड कुणी लावलाय? 'गुणवंत कन्या सायली आणि तिचे मार्गदर्शक पिता एकनाथराव'... मार्गदर्शक! मंडळी, आख्ख्या माण गावात माझ्यापरास वाईट मार्गदर्शन कुणी केलं असंल त्यानं हात वर करावा, ही शाल त्याची! न्हाई ना कुणी? मग दोन शब्द बोला म्हणलाय, तर आता ऐका.

तुमाला सांगतो, दोन वर्षांमागं सायली म्हणली, "पप्पा, कॉलेजात सगळ्यांकडं लॅपटॉप आहे, मलाही लागेल." साधी गोष्ट. गेलो दुकानात. काउंटरवर दोन यंत्रं. एक तेरा इंची, हलकं, शाळेतल्या पाटीएवढं. दुसरं सोळा इंची, दणकट. पोरीनं सोळावर हात ठेवला, म्हणली, "हे चालेल." आता बापानं काय म्हणावं? "द्या बांधून" म्हणावं आन् घरी यावं! पण आमच्या चाळीत चार नंबरला तो ऋषिकेश राहतो ना, नांदेडचा, आयटीत हाय, त्यानं आदल्याच दिवशी मला मोबाईल दाखवलेला. "काका, लाइनअप बघा. तेरा आहे, सोळा आहे, मधे काहीच नाही! एवढी गॅप कंपनी ठेवेल का? बातमी फुटलीय, दिवाळीला मधलं येतंय... म्हणजे, असं म्हणतात."

ते 'असं म्हणतात' माझ्या कानात शिरलंच न्हाई. 'गॅप' तेवढी शिरली. कारण गॅप आमाला कळती हो! आपल्या गावात दोन बिल्डिंगींच्या मधली पट्टी कधी रिकामी ऱ्हायलीय का? बांधतंच की कुणीतरी! आन् थांबायचं म्हणाल, तर आमच्या घरातल्या नथूआबांनी आयटी पार्कच्या पहिल्या फेजच्या वक्ताला जमीन दिली न्हाई, सगळा गाव येडा म्हणला, आबा म्हणले, "थांबा, रस्ता येतोय." आला की रस्ता, जमिनीचं सोनं झालं! तवापासनं आमच्या घरात थांबणारा माणूस शाणा. मी पोरीचा हात त्या सोळावरनं उचलला आन् दुकानदाराला ठणकावून सांगितलं, "थांबा, मधलं येतंय!"

दिवाळी आली. मधलं न्हाई आलं. ऋषिकेश म्हणला, "काका, आतली चिप बदलतायत, आता मार्च म्हणतात." मी खूश! चिप बदलतायत म्हणजे चांगलंच असणार की! मग रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी मोबाईल. कुणी परदेशातला माणूस म्हणतोय पंधरा इंची, कुणी म्हणतोय साडेचौदा, कुणी त्याच्या डब्याचा फोटो टाकलाय, नुसत्या रिकाम्या डब्याचा! तो बी मी बोटांनी मोठा करून करून बघितला. कल्पना, म्हणजे आमची मंडळी, म्हणायची, "अहो, पोरीच्या लग्नाची स्थळं तरी एवढी बारकाईनं बघाल का?"

चहाच्या टपरीवर मी तज्ज्ञ झालो. "एकनाथभाऊ, पोराला कुटलं घेऊ?" "थांबा, मधलं येतंय!" सगळ्यांनी मान डोलावली, आन् सगळ्यांनी दुसऱ्या दिवशी जाऊन मिळंल ते घेतलं. माझं ऐकणारं माणूस गावात एकच निघालं, ते बी माझ्याच घरातलं.

हितनं पुढं सांगायला जीभ जड होती बघा...

सात नंबरच्या खोलीत क्षितिजा म्हणून पोरगी राहायची. अकोल्याची. एकटीच. मी बघतोय, रोज सांजच्याला आमच्या चुलीवरच्या दोन भाकऱ्या फडक्यात बांधून सायली वर नेतीय. महिना झाला, दोन झाले, चार झाले... माझं डोकं फिरलं. एक दिवस जिन्यातच गाठली त्या क्षितिजाला, चार भाडेकरूंच्या देखत. म्हणलं, "काय गं, फुकटच्या भाकऱ्या गोड लागतात व्हय? आई-बापांनी हेच शिकवून धाडलंय का?" ती पोर लालबुंद झाली. ओठ हलले तिचे. मग नुसतंच म्हणली, "सॉरी काका." आन् आठ दिवसांत खोली सोडली. तिकडं भुकूम गावाला गेली म्हणं. मी मिशीला पीळ दिला!

आता प्रोजेक्ट ऐका पोरीचं. पाण्याचा टँकर नेमका कधी येणार ते सांगणारं अ‍ॅप. तुमच्या सगळ्यांच्या मोबाईलात हाय ते. वीस मिनटं म्हणलं की विसाव्या मिनटाला टँकर दारात! मंडळी, 'येतंय येतंय' म्हणणाऱ्या बापाच्या पोरीनं, कधी येणार ते खरं सांगणारी वस्तू केली! कॉलेजात पहिलं बक्षीस. मी आन् कल्पना पुढच्या रांगेत. मी मांडीवर मोबाईल धरून मधल्याची बातमी बघतोय. आन् माईकवरनं सायली म्हणली, "हे सगळं मी क्षितिजाताईच्या लॅपटॉपवर केलं. ती ऑफिसातनं आली की मला द्यायची. बदल्यात काही घेईना, म्हणून मी भाकऱ्या न्यायचे. नंतर ती भुकूमला गेली, तर मी स्कूटीवर तिकडं जायचे. घरी सांगायचे, लायब्ररीत आहे."

तुमाला सांगतो... खुर्चीत मेल्यागत झालं मला. नऊ खोल्यांचा मालक मी, आन् माझी पोर भाडेकरणीच्या दारात यंत्र मागत हुबी! आन् त्या पोरीला नुसतं एवढंच म्हणायचं व्हतं की, काका, या भाकऱ्या फुकटच्या न्हाईत, तुमची सायली माझा लॅपटॉप वापरती. न्हाई म्हणली. सायलीला घरी बोलणी बसतील म्हणून स्वतः ऐकून घेतलं. घरी येताना मी सायलीला विचारलं, "मला सांगितलं का न्हाईस गं?" तर म्हणली, "पप्पा, तुम्ही रोज सकाळी एवढ्या आनंदात बघायचात... मला बोलवेना."

आन् गेल्या बेस्तरवारी काय झालं? आलं! मधलं आलं! आता पोरीला काय उपयोग, तिला नोकरी लागली, कंपनीनंच लॅपटॉप दिलाय, पण माझे पाय थांबतात का? गेलो दुकानात. तोच दुकानदार. म्हणलं, "दाखवा मधलं." त्यानं काउंटरवर ठेवलं. मी बघतोय... म्हणलं, हे तर ते सोळाचं! तो म्हणला, "हो काका, तेच. आता याच्यावर अठरा इंची आलंय ना, म्हणून हे मधलं झालं." दोन वर्षं! ज्याच्यावरनं पोरीचा हात उचलला व्हता, तेच!

म्हणून म्हणतो, ही शाल माझी न्हाई. ही क्षितिजाची हाय. सात नंबर अजून रिकामी हाय बरं का. सहाला माणसं हायेत, आठला हायेत, मधी कुलूप. गॅप ऱ्हात न्हाई म्हणत व्हतो ना मी? ऱ्हाती. माणूस हाकलला की ऱ्हाती.

काय गं सायली? उठलीस का? हातात गाडीची चावी कशाला... काय म्हणतीस? "पप्पा, चला. शाल घ्या. भुकूमला. आत्ता, याच पावली." तिच्या दारात? मी? अगं, काय तोंडानं... आधी फोन तरी करू, रविवार येतोय, निवांत जाऊ, जरा थांब...

बघितलंत? बघितलंत मंडळी? निघालंच की तोंडातनं!