आबाची थंड पेटी

जनरेटर घरात ठेवतं काय? थांब, आधी ऐक.

किन्हीराजा गावाले आमचा आबा वारला. काका पुण्याहून येईपर्यंत आबाले थंड पेटीत ठेवलं, अन् नेमकी लाइन गेली. पेटीसाठी भाड्यानं जनरेटर आणला. आत्या म्हणे, "हे फटफट दूर करा बाप्पा, बुद्धवंदनाबी ऐकू येत नाही."

आमी जनरेटर बाजूच्या खोलीत नेला अन् दार लावलं.

थोड्या वेळानं बायकांचं रडणं थांबलं. आमी आंगणात म्हटलं, बरं झालं, शांत झाल्या. चहा घेऊन आत गेलो तं सगळ्या पेटीभोवती आडव्या! जनरेटरचा गॅस घरभर झालता. वढून बाहेर काढल्या. बाकीच्या वाचल्या, आत्या गेली.

आबाची माती झाल्यावर पेटीवाला आला. "पेटी नेऊ काय?"

मी म्हटलं, "राहू दे. आत्याची पोरगी अजून यायची हाय."