पोरीच्या हातची पत्रिका

आमच्या पोरीची हौस सांगतो. म्हणे, "बाबा, कॉम्प्युटर नको, प्रेस नको. माझ्या लग्नाची पत्रिका मीच छापणार." लाकडी ठसे कोरून बोटं सोलून घेतली, पण दुमडलेल्या जाड कागदावर केळीच्या पानांची नक्षी काय उमटली होती!

पहिली पत्रिका धुळ्याला थोरल्या भावाला, नानांना दिली. त्यांनी उलटीपालटी केली.

"मन्हं नाव कोठे शे?"

नाना रुसले म्हणजे मांडव रिकामा. आणि नावं कोरायची तर निम्मा खानदेश कोरावा लागणार! मी गुपचूप प्रेसमधून सगळ्या भावकीच्या नावांचा गुलाबी कागद छापून आणला आणि प्रत्येक पत्रिकेत घातला.

लग्नात नानांनी तोच कागद खिशातून काढून पोरीसमोर धरला.

"पत्रिका झकास शे, बेटा! ते केळीना पाननं पाकीटबी भारी व्हतं."